धुतलेला दगड

नांदुऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात अर्जुनराव जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे ड्रेसर होते. ऑपरेशनच्या खोलीत त्यांच्या डोळ्यांदेखत चप्पल घालून जायची डॉक्टरांचीही टाप नव्हती.

१९६८ च्या दिवाळीनंतर सोनाळ्याच्या सोजराबाईंच्या कपाशीत आकाशातून काळा दगड पडला. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी बजावल्यामुळे बाईंनी त्याला बोट लावलं नाही. पळसाच्या पानांनी उचलून कोऱ्या गाडग्यात ठेवला. गाडगं नांदुऱ्याला डॉक्टरांकडे आलं. मास्तरांनी कळवल्यावर नागपूरच्या संशोधक साहेबांची तार आली होती : दगड स्वच्छ, बंद खोलीत ठेवा, येतो. तशी खोली दवाखान्यातली ऑपरेशनचीच होती.

दगडाच्या खाचांत शेतातली माती होती. असा मळका दगड आपल्या खोलीत? अर्जुनरावांनी तो साबणानं खसाखसा घासला आणि उकळलेल्या फडक्यात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फडकं सोडलं, वास घेतला.

"हा कुणी धुतला?"

अर्जुनरावांनी सोडलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"त्या बाईनंच धुतला असेल," डॉक्टर म्हणाले.

"पृथ्वीवरचं काहीही लागू नये म्हणून तर बंद खोली मागितली होती," साहेब म्हणाले. "आता यात आकाशातलं काय आणि साबणातलं काय, कसं ओळखू?" त्यांनी वहीत सोजराबाईंचं नाव लिहिलं. अर्जुनराव खाली मान घालून उभे राहिले.

आठवड्यानं त्यांना कळलं, दगड धुतला म्हणून मास्तरांनी शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर बाईंना फैलावर घेतलं होतं.  अर्जुनराव बसनं सोनाळ्याला गेले. बाई अंगणात कापूस निवडत होत्या.

"बाई, दगड म्या धुतला."

बाईंचा हात थांबला. "मंग तवा काऊन नाही बोलले, भाऊ?"

"लाज वाटली."

"अन् माही लाज? मले एकलीले सांगून काय होते? सायबाले लिवा."

अर्जुनरावांनी त्याच दिवशी साहेबांना लिहिलं. डॉक्टरांना कळल्यावर ऑपरेशनच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून गेली; ते बाहेर केसपेपर लिहू लागले. महिन्यानं साहेबांचं उत्तर आलं. वरचा थर वाया गेला होता, पण दगड कापून आतला भाग तपासता येणार होता. वहीतली नोंद त्यांनी बदलली होती.

ते पत्र अर्जुनराव सोनाळ्याला शाळेच्या ओट्यावर घेऊन गेले आणि मास्तरांना म्हणाले, "इथंच, सगळ्यायसमोर वाचा. माह्या नावासकट."

मास्तर वाचत होते. सोजराबाई पदर खोचून समोर उभ्या होत्या. अर्जुनरावांना त्यांच्याकडे बघवलं नाही.