खाऱ्या पाण्याची तुळई

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि आठवडाभरात वस्तीनं घरोघरचे देव आमच्याच विहिरीत टाकले. विहीर खारी. तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, वाळल्या घागरीवर पांढरा थर चढे. गोड्या पाण्याची विहीर गावात होती. तिथं आम्ही घागर ठेवून लांब उभं राहायचं, आणि कोणाला दया आली तर त्यानं वरून धार ओतायची. मी नवी सून होते. पहिल्या दिवशी रडले, मग सवय झाली. अशाची सवय होते, याचीच मला जास्त चीड येते.

विहार बांधायचं माझ्या सासऱ्यांनी मनावर घेतलं. मातीचा नाही, कवेलूच्या छपराचा नाही. सिमेंटची तुळई टाकून, मधे एकही खांब नसलेला. "खांबामागं बसन्यात जलम गेला आपला," ते म्हणायचे. "इथं कोनी कोनाच्या मागं बसनार नाई." आर्णीहून गवंडी आणला. सळया बांधून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "माल कालवाले गोडं पानी असतं तर बरं होतं, बुवा."

सासरे ताडकन उठले. "वरून ओतलेल्या पान्यानं आपला विहार बांधाचा? मंग दीक्षा कायले घेतली? आपली इहीर हाये, आपलंच पानी लागन!"

काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, कारण आमच्या वस्तीत तोवर कोणी असं बोललंच नव्हतं.

तुळई ओली ठेवा, असं गवंड्यानं सांगितलं. सांगायचाच अवकाश! घराघरातून बायका घागरी घेऊन निघाल्या. वावरातून थकून आलेलीसुद्धा एक घागर ओतल्याशिवाय चूल पेटवत नसे. नाही ओतली तर विहारात आपला वाटा तो काय? तुळईवर पांढरं काही उमटायला लागलं, तर आम्हाला वाटलं सिमेंट पक्कं होतंय. बाई गं, किती मायेनं आम्ही तिला मीठ पाजत होतो!

पुढची काही वर्षं सुखाची गेली. माझ्या लेकाचं नाव त्याच छताखाली ठेवलं. सासरे तुळईखाली उभे राहून वर बघायचे आणि उगाच हसायचे.

साठ साल मागं पडलं आणि तुळईच्या पोटाला एक तांबूस रेघ दिसली. आम्ही चुना मारला. रेघ परत आली, आता भेगेसकट, सळईच्या अंगानं सरळ लांबलचक. मग एका सकाळी तुळईचा खालचा पोपडा धाडकन सतरंजीवर पडला. कोणी बसलेलं नव्हतं म्हणून निभावलं. आत सळई दिसली, पापुद्रे सुटलेली.

गावाला तर आयतंच मिळालं. गावातला एक मोठा शेतकरी मुद्दाम वस्तीपर्यंत आला आणि म्हणाला, "बुडवलेले देव तुळईत चढून राह्यले तुमच्या!" दात काढून हसला मेला. वस्तीतलीही दोन-चार माणसं त्या दिवसापासून दबक्या आवाजात तेच बोलू लागली. सासऱ्यांना ते जास्त लागलं. जेवण तुटलं त्यांचं.

महागावकडच्या रस्त्याचं काम बघणारे एक ओव्हरसियर होते, त्यांना सासरे हात जोडून घेऊन आले. त्यांनी हातोडीनं तुळई ठोकली; जिथं खणखण वाजायला हवी तिथं बद्द वाजली. "लोखंड गंजलं की फुगतं," ते म्हणाले. "गाडग्यात हरभरे दाबून भिजत घातले तर गाडगं फुटेल, तसं ते सिमेंट फोडतं. तुळईच्या खालच्या अंगाचा ताण सळई घेते. तीच बारीक झाली, तिची सिमेंटवरची पकड सुटली. वरून कितीही लिंपा, ही आता भार पेलणार नाही. उतरवा."

मग त्यांनी आमच्या विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकले. "या पाण्यात माल कालवला? कोणत्या मूर्खानं? गावात गोडी विहीर असताना?"

"म्याच," सासरे म्हणाले. "त्या इहिरीले आमाले हात लावू देत नाई, साहेब. आजई."

साहेबांनी हातोडी पिशवीत घातली आणि चहा न घेता गेले. देवांनी नाही, मिठानं तुळई खाल्ली, हे कळलं. पण ज्या विटाळानं आम्हाला त्या मिठापाशी ढकललं, तो कोण उतरवणार?

सासऱ्यांनी स्वतः पहार घेऊन तुळई पाडली. आता नवी तुळई हवी तर गोडं पाणी हवं. नाहीतर मधे लाकडी खांब आणि परत त्याच्यामागं बसणं. तिसऱ्या दिवशी मी घागर उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"मामाजी, मले जाऊ द्या ना," मी म्हटलं.

"नाई. बाया जानार नाई. बोललो म्या होतो, जाईन बी मीच."

आणि गेले. सगळ्या गावादेखत त्या विहिरीपाशी घागर ठेवून उभे राहिले. तोच शेतकरी वरून ओतत होता, हसत हसत, अर्धं पाणी त्यांच्या पायावर. खेप संपली की मान खाली घालून परत यायचे, घागर मालात रिकामी करायचे आणि पुन्हा जायचे. त्यानंतर विहारात ते दाराशीच बसायचे, सगळ्यांच्या मागं.

ती गोड्या पाण्याची तुळई अजून आहे. एक भेग नाही. बाहेरची माणसं मधे खांब नसलेला विहार बघून कौतुक करतात. मी तिच्याकडे मान वर करून बघत नाही.