मी पेट्रोल धुतलं

आमची गाडी वीस वर्षांची. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल यायला लागलं आणि ती सकाळी उचक्या देऊ लागली. निदान मला तरी तसं वाटायचं. पंपावरचा माणूस म्हणाला, काही होत नाही. मोबाइलवरचा एकजण म्हणाला, रबराच्या नळ्या खराब होतात. दुसरा म्हणाला, नळ्यांचं सोडा, मायलेज जातं. डिचोलीचा माझा मेकॅनिक म्हणाला, "पात्रांव, हिका सोरो सोसणा नाय. म्हातारी आसा ती." सोरो म्हणजे दारू. सगळ्या सल्ल्यांतलं एवढं एकच मला नीट कळलं.

कारण दारूतलं आपल्याला कळतं, ही माझी जुनी समजूत. काजूच्या हुर्राकात पाणी घातलंय का, हे मी बाटली हलवून फेसावरून सांगतो. दहापैकी पाच वेळा बरोबर येतं.

मग मोबाइलवर एक प्रयोग पाहिला. पेट्रोलात पाणी घालून हलवायचं. इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, पेट्रोल वर राहतं. तो बिचारा इथेनॉल किती आहे एवढंच मोजत होता. मी म्हटलं, मोजून थांबतो कशाला हा? वरचं ओतून घ्यावं, झालं शुद्ध पेट्रोल!

दुसऱ्या दिवशी बायकोला वाळपईच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हायचं होतं. दहापर्यंत सही, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईंना. ह्या सहीसाठी तिने कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. अशा दिवशी गाडीला उचकी नको, म्हणून सर्वणच्या आमच्या अंगणात आदल्या दिवशी भर दुपारी मी नळीने चार लिटर पेट्रोल काढलं आणि काचेच्या बरणीत थोडं थोडं करून धुतलं. थर दोन झाले, हे खरं. पण ओतताना वरचा कुठे संपला आणि खालचा कुठे सुरू झाला, हे कळेपर्यंत बरणी रिकामी झाली होती. टाकीत.

सकाळी साखळी ओलांडून चढ लागला तशी गाडीने दोन आचके दिले आणि बसली. सव्वानऊ वाजले होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"इथेनॉल."

"काल तर बरी होती."

"काल कमी होतं."

"मग रात्रीत कुठे जाऊन प्यायली?"

मी उतरून बॉनेट उघडलं. तेवढ्यात वाळपईच्या बाजाराला निघालेला मासळीचा टेंपो आला. तिने हात केला, कडक इस्त्रीची साडी सावरली आणि ड्रायव्हरशेजारी चढली.

"मी येऊ?"

"तुम्ही हिच्याजवळ बसा. शुद्धीवर आली की कळवा."

फोन केल्यावर मेकॅनिक स्कूटरवरून आला. त्याने टाकीतलं थोडं बाटलीत काढलं. तळाशी चार बोटं वेगळा थर.

"देवा! कितक्या ह्या पाणी! थांबा, पंपवाल्याकच फोन लावतंय."

आता मात्र मला बोलावं लागलं. बरणी, नळी, धुणं, सगळं सांगितलं. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि डोळे पुसेपर्यंत हसला.

"पण खरं सांग," मी म्हटलं, "बिघडलं ते इथेनॉलने की पाण्याने?"

"सोऱ्यान पाणी ओढलान की पाण्यान सोरो, ता माका खय कळता? पण धुवूक कोणी सांगललां?"

म्हणजे त्या उचक्या पहिल्यापासून खऱ्या होत्या की माझ्याच डोक्यात, हे मला आजही माहीत नाही. त्यालाही नाही.

इतक्यात फोन वाजला.

"दहाला पाच कमी असताना सही झाली," बायको म्हणाली. मी श्वास सोडला. "आता सांगा, गाडीला झालं काय?"

"इथेनॉल."

"मेकॅनिकला द्या फोन."

दिला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाईनू, गाडी बरी होतली. फकत तुमच्या घोवाक पेट्रोलापासून लांब ठेवा."