गाळलेला ‘ई’

छापखान्यात त्याला सगळे ‘वेलांटी’ म्हणतात. प्रुफं तपासणारा माणूस. दुसऱ्याची चूक दिसली की हात शिवशिवायलाच लागतात. लग्नाआधी बायकोनं लिहिलेलं पत्र त्यानं लाल शाईत दुरुस्त करून परत पाठवलं होतं, अशी बोलवा आहे. बायकोला विचारलं तर ती नुसती हसते, यावरून काय ते समजा.

तर त्या सकाळी बायको शाळेत शिकवायला गेली आणि घरातल्या राउटरनं मान टाकली. मागच्या खोलीत आईवर नजर ठेवणारा कॅमेरा आंधळा झाला. आई गेल्या महिन्यात पडली होती. तेव्हापासून घरी कुणी नसलं की दोघं तिला फोनवर बघत. तिकडे छापखान्यात अकराला पाठ्यपुस्तकाचं शेवटचं प्रूफ त्याची वाट बघत होतं. आईला नजरेआड करून जायचं कसं?

धावत जाऊन त्यानं नवा राउटर आणला आणि जुना बसवून देणाऱ्या मेव्हण्याला फोन लावला.

“भाऊजी, नाव जुनंच द्या, पासवर्ड जुनाच द्या. घरातल्या एकाही वस्तूला पत्ता लागणार नाही. शिडी लावून कॅमेऱ्याशी झटापट नको.”

पासवर्ड भिंतीवरच्या चिठ्ठीवर होता. एकेक अक्षर बघून त्यानं भरला. कॅमेऱ्याचा दिवा लालच. पुन्हा भरला. लाल. साडेदहा वाजले.

“काय रे, गेलास का?” आतून आई.

“आहे गं. तू उठू नकोस!”

“मी कशाला उठू? तूच तीनदा येऊन छताकडे बघून गेलास. मला वाटलं, पाल आहे.”

पुन्हा फोन. “अरे, ‘वेलकम’ आणि पुढं दोन सात, बरोबर ना?”

“बरोबर. फक्त शेवटचा ‘ई’ नाही.”

“नाही? स्पेलिंग चुकतंय!”

“चुकलंयच. घाईत राहिला. चिठ्ठीवरही तसंच लिहिलंय मी.”

त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. ‘एम’पुढं राहिलेलं अक्षर घालायची खूण, बारीकसं हंसपद, वर लाल शाईतला ‘ई’. अक्षर ओळखीचं होतं. स्वतःचंच.

आता जाणूनबुजून चूक करायची. बोटानं सवयीनं ‘ई’ टाकलाच, खोडला. फोनकडे बघत बसला. एक मिनिट गेलं, दुसरं जाता जाईना.

“अरे, तुझा तो दिवा हिरवा झाला बघ,” आई ओरडली. “झालं! आता डुलकी काढायचीही चोरी.”

फोनवर आई दिसली. कॅमेऱ्याकडे बघत केस सारखे करत होती.

चपला घालता घालता त्यानं चिठ्ठीवरचा लाल ‘ई’ खोडला आणि समासात लिहिलं, ‘मूळ चूक आहे तशीच ठेवावी.’ अर्धा जिना उतरला आणि धापा टाकत परत आला. ‘मूळ’चा ऊकार नीट उठला नव्हता.