डोक्याला चिकटलेलं जयपूर

मी ज्या गावाला फिरायला जातो, त्या गावासारखा दिसायला लागतो.

तिथे असताना तसा दिसलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. अडचण अशी, की पेणला परत आल्यावरही मी पुढचे चार-सहा महिने तसाच दिसत राहतो. काश्मीरहून आलो तेव्हा घोट्यापर्यंतचा लोकरी फिरन घालून भर मे महिन्यात बाजारात कैऱ्या आणायला गेलो. कैऱ्या घरी पोचल्या आणि मी दवाखान्यात! केरळहून पांढरा मुंडू आणला (त्याला लुंगी म्हटलेलं मला खपत नाही) आणि तो नेसून स्कूटर काढली. धरमतरच्या पुलावर खाडीचं वारं सुटलं, आणि तिथे जे काही घडलं त्याची बातमी माझ्या आधी घरी आली. गोव्याहून येताना तर फुलाफुलांचा शर्ट आणि गवती टोपी अशा अवतारात परस्पर एका दहाव्याला गेलो. पिंडाजवळचा कावळासुद्धा शिवायचं सोडून माझ्याकडे बघत बसला होता.

"लोक फिरायला जाऊन फोटो आणतात," आमची सुलभा सगळ्या नातेवाइकांना सांगते, "ह्यांनी सोंगं आणली!"

माझा हमरापूरला गणपतींचा कारखाना आहे. वर्षभर माती, रंग आणि आखणी यांत मान वर करायला मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतर आम्ही आठ दिवस कुठेतरी जातो. एका वर्षी जयपूरला गेलो. तिथे एका दुकानदाराने माझ्या डोक्याला लाल-पिवळ्या लाटांचा लहेरिया फेटा बांधला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "साहब, राजा लग रहे हो!" (माझ्या मागे नाशिकचे एक गृहस्थ उभे होते, तेही राजाच लागले. पण ते मी मनाला लावून घेतलं नाही.) तीन दिवस मी तो फेटा उतरवला नाही. कांद्याची कचोरी खातानासुद्धा नाही, आणि तिथेच खांद्यावरून पुढे घेतलेला फेट्याचा शेव थेट चटणीत बुडाला. पुष्कळ धुतला, पण खेकड्याच्या आकाराचा एक डाग त्याच्यावर कायमचा राहिला.

घरी आल्यावर सुलभाने जाहीर केलं, "हा फेटा परत डोक्यावर दिसला, तर त्याचं पायपुसणं करीन."

मी घाबरलो. फेटा लपवायला घरात जागा नाही, कारण सुलभाला ठाऊक नाही असा कोपराच आमच्या घरात नाही. मग मला एक जागा सुचली. हल्ली मूर्तीला खऱ्या कापडाचं धोतर नेसवायची आणि फेटा बांधायची पद्धत आहे. काही गिऱ्हाइकं त्यासाठी स्वतःचं कापड आणून देतात. ती कापडं कारखान्यात एका वेगळ्या कपाटात असतात, आणि देवाचं कापड म्हणून सुलभा त्या कपाटाला हात लावत नाही. मी माझा फेटा घडी करून पिशवीत घातला आणि पिशवी त्या कपाटात, मागच्या बाजूला ठेवून दिली. आपल्या हुशारीचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं होतं.

मधल्या काळात आमच्या लेकीचं, पल्लवीचं लग्न जमत आलं. मुलगा ओंकार, रोह्याचा, नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जाणारा. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत करून ठेवलं होतं, त्यामुळे आम्हाला काही काम नव्हतं. ओंकारच्या आईवडिलांचा होकार होता. राहिली होती फक्त ओंकारची आत्या. द्वारकाआत्या म्हणजे त्या घरातलं शेवटचं कोर्ट! ती 'हाय' म्हणाली तर आहे, 'नाय' म्हणाली तर ओंकारचे वडीलसुद्धा स्वतःच्या घरात नाहीत.

त्यांचा गणपती वर्षानुवर्षं माझ्याच कारखान्यातला. त्या वर्षी आत्या राजस्थानात नाथद्वाऱ्याला जाऊन आली होती. तिथून देवाच्या पायाला लावून आणलेलं एक लांबलचक कापड तिने आमच्याकडे पाठवलं. निरोप असा, की बाप्पाचा फेटा ह्याचाच करायचा. कापड लहेरिया, रंग लाल आणि पिवळा.

पुढचं तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या मात्र आलं नाही.

चतुर्थीला दोन दिवस राहिले होते. मी एका मूर्तीचे डोळे आखत होतो. अशा वेळी मी श्वाससुद्धा विचारून घेतो. तेवढ्यात मूर्तींना कपडे नेसवणारी आमची मंदाताई कपाटापाशी उभी राहून ओरडली, "दादा, रोह्याचा कापड कुठला वो? चिठ्ठी पडल्याली दिसतेय. हितं दोन हायत!"

"लाल-पिवळं!" मी मान न वळवता म्हणालो.

"दोन्ही लाल-पिवळंच हायत!"

"मग मागचं घे!" मी म्हणालो, कारण डोळ्यातली बाहुली हलायला नको होती.

ऋषिपंचमीला आम्हाला रोह्याचं बोलावणं होतं. दर्शन होईल, घर बघून होईल आणि आत्याचा काय तो निकालही लागेल, असा बेत. सुलभाने आदल्या दिवशीच माझा पांढरा शर्ट आणि काळी पँट खुंटीला लावून ठेवली. "हेच घालायचं. माझ्या लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे," ती म्हणाली. पल्लवी हात जोडून फक्त "बाबा, प्लीज," एवढंच म्हणाली. मी शर्ट-पँट घातली. पण आरशात बघतो तर समोर बँकेच्या रांगेत उभा असतो तसला एक इसम! मुलीचा बाप म्हणून रोह्याला पाऊल ठेवायचं आणि डोक्यावर काही नाही? मी कारखान्यातून काहीतरी आणायचंय म्हणून सटकलो, कपाटातली उरलेली पिशवी काढली आणि गाडीत सीटखाली सरकवली.

गाडी पल्लवी चालवत होती. नागोठण्याला दोघी फुलं घ्यायला उतरल्या आणि मी टपरीच्या मागे जाऊन फेटा बांधायला घेतला. तीन गोष्टी मला खटकल्या. एक, कापड कोरं करकरीत वाटत होतं. (म्हटलं, जयपूरचा माल, धुवून उजळतो.) दोन, फेटा आखूड झाला होता. (म्हटलं, डोकं मोठं झालं असेल, सुलभा नेहमी तेच म्हणते.) तीन, एका टोकाला गाठ होती आणि गाठीत काहीतरी टणक होतं. (म्हटलं, राजस्थानी फॅशन!)

आणि चौथी अडचण अशी, की माणसाला फेटा बांधायची मला सवय नाही. जयपूरला दुकानदाराने बांधला होता. मी आयुष्यभर फेटे बांधले ते गणपतींना, आणि मूर्तीला फेटा आम्ही बांधत नाही, चिकटवतो! पांढऱ्या गोंदाची बाटली माझ्या पिशवीत कायम असते. घडी घातली की गोंद, घडी घातली की गोंद. हात आपोआप चालला. पाच मिनिटांत असा झकास फेटा उभा राहिला, की टपरीवाल्याने मला हात जोडले आणि विचारलं, "साहेब, कुठल्या पक्षाचं?"

गाडीशी आलो. सुलभाच्या हातातली फुलं खाली पडली.

"उतरवा तो!"

"अगं, आता..."

"उतरवा म्हणते ना!"

मी दोन्ही हातांनी फेटा वर ओढला. फेट्याबरोबर माझ्या भुवया वर गेल्या. फेटा जागचा हलला नाही.

"बाबा," पल्लवी हळूच म्हणाली, "तुम्ही गोंद लावलात?"

मी मान हलवली. टणक गाठ मानेवर टकटक वाजली.

रोह्याला पोचलो. दारात ओंकारचे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, स्वागताला उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा! एकदम राजेशाही!" मी सुलभाकडे विजयी नजर टाकली. तेवढंच माझं सुख.

आत गेलो. समोर मखरात बाप्पा बसलेले. माझ्याच कारखान्यातली मूर्ती, तेव्हा मी कौतुकाने आधी डोळे बघितले. आखणी फार सुरेख उतरली होती. मग कान बघितले. मग फेटा बघितला. बाप्पाच्या फेट्यावर, सोंडेच्या बरोबर वर, मंदाताईने मोत्याचा तुरा खोचला होता. आणि त्या तुऱ्याच्या मागून खेकड्याच्या दोन नांग्या बाहेर आल्या होत्या.

कांद्याच्या कचोरीची चटणी! देवाच्या कपाळावर!

म्हणजे माझा फेटा बाप्पाच्या डोक्यावर. मग माझ्या डोक्यावर काय होतं? मी नमस्काराच्या निमित्ताने जे साष्टांग पडलो, ते उठलोच नाही. भाऊ सुलभाला म्हणाले, "भक्ती दांडगी आहे हो ह्यांची!"

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "कारखानदार, जरा असंच ऱ्हावा बगू."

द्वारकाआत्या! ती वाकली. माझ्या पाठीवर लोळणारा शेव तिने उचलला, टोकाची गाठ चाचपली आणि सोडली. आतून सुपारी निघाली.

"ही माजी सुपारी हाय," आत्या म्हणाली. "नाथद्वाऱ्याला माज्या हातानं बांदल्याली. मंदानं उरला-सुरला कापड परत धाडला, त्याला गाठ नव्हती. मला वाटला सोडली आसंल. ती हितं व्हय? देवाच्या पायाचा कापड तुमी डोक्याला गुंडाळलाव?"

स्वयंपाकघरातून ऋषीच्या भाजीचा वास येत होता, पण ती आज आपल्या नशिबात नाही हे मला कळलं. मी मान वळवून पल्लवीकडे बघितलं. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून ओंकारच्या शेजारी उभी होती, आणि मला माझी एवढी लाज वाटली, की त्यापुढे धरमतरचा पूलही काहीच नव्हता. थापा मारून सुटायची मला चांगली सवय आहे. त्या दिवशी एकही थाप मारावीशी वाटली नाही. मी तिथेच जमिनीवर उठून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. जयपूर, कपाट, मंदाताई, चटणी, सगळं. चटणी कांद्याच्या कचोरीची हेसुद्धा सांगितलं.

"कांदा!" आत्या खाली बसली.

"आत्या, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पोरीचा काही दोष नाही. तिने मला हात जोडून सांगितलं होतं."

"आदी तो उतरवा."

"तो उतरत नाही."

"म्हंजे?"

"चिकटवलाय."

आत्याने बाप्पाकडे बघितलं. "आन् देवाचा?"

"तोही," मी म्हणालो. "पद्धतच आहे आमची."

मला परसदारी नेण्यात आलं. न्हाणीच्या दगडावर मी मान खाली घालून बसलो आणि ओंकार-पल्लवी कामाला लागले. ती कोमट पाण्याची धार धरायची, तो एकेक पदर नखाने सोडवायचा. "जपून, कानामागे केस अडकलेत," ती म्हणायची. "तू तेल दे, ओढू नकोस," तो म्हणायचा. मध्येच मी "आई गं!" म्हणालो की दोघं मिळून "सॉरी, बाबा!" म्हणायचे. (त्याने मला पहिल्यांदा बाबा म्हटलं ते असं, माझे केस उपटताना.) आत्या उंबऱ्यात पदर खोचून उभी होती. तास-दीड तास ती तिथून हलली नाही. शेवटी फेटा निघाला, आणि त्याच्याबरोबर माझ्या उजव्या कानावरचं उरलंसुरलं पीकही गेलं.

आत्याने ओल्या कापडाकडे बघितलं. मग माझ्या डोक्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती! पदर तोंडात कोंबून, उंबऱ्यावर बसकण मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"काय गो पोरी," ती पल्लवीला म्हणाली, "दीड तास झाला, बापावर येकदा तरी करवादशील, तर तेवडा बी नाय? आसला बाप संबाळलास, मंग आमचा भाऊ तुला काय जड जायाचा नाय! येच तू आमच्या घरात."

भाऊ मागून म्हणाले, "मी काय केलं?"

"तू गप ऱ्हा."

निकाल लागला. पण शेवटच्या कोर्टाने निकालाला दोन अटी जोडल्या. पहिली, मी दरवर्षी फिरायला जाईन तिथून बाप्पासाठी कोरं कापड आणायचं, आणि ते घेतल्यापासून रोह्याला पोचेपर्यंत सुलभाच्या ताब्यात राहील. दुसरी, रोह्याला येताना मी कायम पांढरा शर्ट आणि काळी पँट घालायची. सुलभाने दोन्ही अटी माझ्या वतीने तिथल्या तिथे मान्य केल्या. मग ऋषीची भाजी मिळाली, तीही दोनदा वाढून.

आता प्रवास मी करतो आणि त्या-त्या गावासारखे दिसतात बाप्पा. यंदा त्यांनी आसामचं रेशीम नेसलं होतं. इतके देखणे दिसत होते, की लांबलांबून माणसं बघायला आली. मी पांढऱ्या शर्टात, काळ्या पँटीत भाऊंच्या दारापाशी उभा होतो. हे सगळं आपण आणलं, या अभिमानाने छाती फुगली होती. एक गृहस्थ मोटारीतून उतरले. मी कौतुक ऐकायला हसतमुखाने पुढे झालो.

त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सावलीत लावा हं, काका."

मी लावली.