चिलमीवरची प्रार्थना

मी बालाघाटच्या मिशन बोर्डिंगमध्ये आलो तेव्हा आम्हाला सकाळी उठवणारी घंटा जो माणूस वाजवायचा, तोच गिरजाघराचीही घंटा वाजवायचा. आम्ही मुलं त्यांना बाबा म्हणायचो. मी कटंगीकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, हिंदू. मिशनने मला भात दिला, कंदील दिला, आणि रविवारी मागच्या चटईवर गुपचूप बसण्यापलीकडे काही मागितलं नाही. पुढे नागपूरहून बी.ए. होऊन मी त्याच शाळेत मास्तर झालो. घंटा अजून बाबाच वाजवत होते.

बाबा मूळचे राजेगावचे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी त्यांना विचारलं होतं, मूर्तीपुढे नारळ फोडणं सोडाल का, मोहाची दारू सोडाल का. दोन्हीला ते हौ म्हणाले आणि दोन्ही खरंच सोडलं. गांजाबद्दल कोणी विचारलंच नाही. बाजारातलं गांजाचं दुकान सरकारी परवान्याचं होतं, वर रंगवलेली पाटी होती. आमच्या गावी तर शिवरात्रीला भांग प्रसादासारखी मिळायची. गांजा वाईट असतो ही बातमी आमच्याकडे जरा उशिराच पोचली.

एक गोष्ट मात्र पाद्रीसाहेबांनी शिकवणीत पक्की बसवली होती. देवाचे आभार मानल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. बाबांनी हे असं पाळलं की वाटेत तोडलेलं बोरही ते आधी डोळे मिटून हातात धरायचे. संध्याकाळी वैनगंगेच्या वाटेवर चिंचेखाली त्यांची बैठक असे. एक बैलबंडीवाला, एक न्हावी आणि मँगनीजच्या खाणीतून घरी बसलेला एक म्हातारा मजूर. चिलम हाती आली की बाकीचे ती कपाळाला लावत, भोलेनाथाचं नाव घेत आणि दम मारत. बाबांची पाळी आली की ते डोळे मिटून प्रभूचे आभार मानत. पावसाबद्दल, बोर्डिंगच्या पोरांबद्दल, मावशीचा गुडघा थोडा बरा असल्याबद्दल. मावशी म्हणजे त्यांची बायको. तोवर चिलम विझायला येई. न्हावी म्हणायचा, "बाबा, तुमचा देव आयकाले लय टाइम लावते."

ही प्रार्थना ख्रिस्ती मंडळीच्या पंचांच्या कानावर गेली तेव्हा ईस्टर जवळ आला होता. चिलमीवर प्रभूचं नाव, याने ते हादरले. निकाल लागेपर्यंत बाबांना प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मावशी माझ्याकडे आल्या. बाप्तिस्मा झाल्यापासून दर ईस्टरला दोघं एका चटईवर बसून भाकर घेत आले होते. "आता मी एकटीच हात पुढं करू काय, मास्तर? लोक म्हनतीन, म्हातारा मेला."

शास्त्रात, म्हणजे बायबलात, गांजाबद्दल काय आहे ते शोधायचं काम पाद्रीसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी ख्रिस्ती नव्हतो, पण बी.ए. होतो, आणि त्या काळी बालाघाटात तेवढं पुरे होतं. मीही मनापासून लागलो. पहिल्याच पानांत, देवाने बी देणारी सगळी झाडंझुडपं माणसाच्या हवाली केली असं सापडलं, आणि मी धावत बंगल्यावर गेलो.

पाद्रीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "धोतऱ्यालाही बी येतं, मास्तर," ते म्हणाले. मी परत येऊन पुढे वाचू लागलो. द्राक्षारसाबद्दल बरंच होतं, काही बाजूने, काही विरुद्ध. गांजाबद्दल काही नव्हतं.

पंच शाळेच्या खोलीत बसले. मी कोपऱ्यात होतो. पाद्रीसाहेबांनी बाबांना विचारलं, गांजावर प्रभूचं नाव कशाला घेता?

"तुमीच सांगतलं न साहेब, आभार मानल्याबिगर तोंडात काही घालाचं नाही. मंग चिलमीलेच काहून वगळू?"

यावर पंचांतले एक निवृत्त कंपाउंडर होते ते उठले. बोटावर बोट आपटून म्हणाले, "ज्या वस्तूवर प्रार्थना शोभत नाही, ती वस्तू तोंडात घालूच नये."

बोलणं बिनतोड होतं. फक्त त्यांच्या कानावर अर्धी विडी होती. शेजारच्या पंचांच्या गालात तंबाखू होता, त्यामुळे त्यांना लगेच दुजोरा देता आला नाही. पाद्रीसाहेबांनी टेबलावरची तपकिरीची डबी हळूच खिशात सरकवली. त्या वाटेने पुढे जायला कोणी तयार दिसेना. तेवढ्यात चहा आला. इतक्या वर्षांत प्रथमच त्या खोलीत चहावर प्रार्थना झाली.

चहानंतर निकाल झाला. मूळ तक्रार गांजाची नव्हतीच, नावाची होती. तेव्हा बाबांनी ओढायचा तर ओढावा, पण त्यावर प्रभूचं नाव घेऊ नये. मग ईस्टरला अडचण नाही. हा मार्ग सगळ्यांना शहाणपणाचा वाटला. सर्वांत जास्त मान मी डोलावली.

पुढचं मला न्हाव्याने केस कापताना सांगितलं. त्या संध्याकाळी चिलम बाबांच्या हाती आली. ते ती धरून बसले, बसले, आणि न ओढता पुढे दिली. "नावच घेता येत नाही तं तोंडात कशी घालू, म्हने." लवकरच मिशनच्या आवारात बातमी पसरली की बाबांनी गांजा सोडला. कंपाउंडरांना तो आपल्या युक्तिवादाचा परिणाम वाटला, पाद्रीसाहेबांना उपदेशाचा, आणि मला थोडासा शिक्षणाचा.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी पाद्रीसाहेब आणि मी सायकलींवरून नदीकडून येत होतो. चिंचेखाली बैठक होती. चौघंही डोळे मिटून, माना खाली घालून बसले होते, आणि बाबांचा आवाज येत होता. पाऊस, पोरं, मावशीचा गुडघा. पाद्रीसाहेब सायकलवरून उतरले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले होते. चिंचेखाली आमेन झालं. खाणीतल्या म्हाताऱ्याने वर भोलेनाथाचं नावही जोडलं. मग बंडीवाल्याने चिलम पेटवली, कपाळाला लावली आणि दम मारला. ती फिरत फिरत बाबांपर्यंत आली, त्यांनी ती हात न थांबवता पुढे दिली.

बंडीवाल्याने आम्हाला पाहिलं. "या साहेब," तो म्हणाला. "बाबा ओढत नाही आता. पन यायनं प्रार्थना म्हनल्याबिगर चिलम गोड लागत नाही आमाले. सवय होऊन गेली."

पाद्रीसाहेबांनी टोपी घातली. पंचांनी गांजा चालेल म्हटलं होतं, नाव चालणार नाही म्हटलं होतं. बाबांनी गांजा टाकला होता आणि नाव ठेवलं होतं. 

रविवारी मी नेहमीसारखा मागच्या चटईवर होतो. पाद्रीसाहेब भाकरीचं ताट घेऊन ओळीने येत बाबांपुढे थांबले. बाबांनी ओंजळ पुढे केली. मावशींनी त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. कंपाउंडर घसा साफ करत होते. पाद्रीसाहेबांनी भाकर ओंजळीत ठेवली, मग मावशींच्या हातात ठेवली, आणि ते पुढे गेले.

नंतर प्याला कपाटात ठेवून कुलूप लावता लावता त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मास्तर, दुसऱ्यांच्या गांजावर केलेल्या प्रार्थनेबद्दल कुठे काही सापडतं का, जरा पाहा," ते म्हणाले. "घाई नाही."