खोक्यावरची साखर

"साखर न्हाय की. पोरीनं वाचून सांगितलंय."

बाबांचा आवाज दुकानातून आतल्या खोलीत आला आणि माझं पुस्तकातलं लक्ष उडालं.

पोरगी म्हणजे मी. गडमुडशिंगीतल्या आमच्या किराणा दुकानात माझ्या इंग्रजी शाळेचा उपयोग एवढाच, की खोक्यांवरचं बारीक अक्षर वाचायचं. पूर्वी ज्यूसची खोकी लोक दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना नेत. आत काय आहे, कुणी विचारत नसे. आता सकाळी फिरायला जाणारे कारलं-जांभूळ मागतात, डाळिंब मागतात, खोकं उलटं करून बघतात आणि मला हाक मारतात.

डाळिंबाच्या खोक्यावर 'नो ॲडेड शुगर' होतं. मी म्हणाले होते, "वरून साखर घातलेली नाही. फळाची असतेच."

"ते 'वरून'चं शेपूट कशाला?" बाबा म्हणाले. "न्हाय म्हणायचं, झालं. कंपनीनंच लिवलंय, आपण कुठं खोटं बोलाय लागलोय?"

मी आत निघून गेले. माझ्या पुस्तकी 'आहे-नाही'ला दुकानात तसंही सगळे हसतात. न बोलण्याची मला सवय झाली होती, आणि ती सवय बाबांच्या सोयीची होती.

शेजारच्या मावशींनी शुगर निघाल्यावर चहा सोडला, सणाची पोळीसुद्धा सोडली. त्याच्या बदल्यात रोज सकाळी पेलाभर डाळिंबाचा ज्यूस सुरू केला. पायाची जखम मात्र भरेना.

त्या दिवशी त्याच आल्या होत्या. मी बाहेर आले. त्यांच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्याला पट्टी.

"काय मॅडम, आज भाईर?" त्या हसल्या. "एवढं पथ्य पाळतो मी, तरी डॉक्टर मलाच वरडतोय बघ. आणि हे ज्यूस तू वाचलंस म्हणून पितो हां. तुझ्या बापावर माझा इस्वास न्हाय."

बाबाही हसले, आणि दोन खोकी पिशवीत घालता घालता त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला चांगली कळत होती. मी पिशवीतून एक खोकं बाहेर काढलं.

"हाय, मावशी," मी म्हणाले. "साखर हाय."