टोरांटो ते पांढुर्णा, दोह्यावरून

भाऊ टोरांटोला जायला निघाला तेव्हा बाबांनी त्याला एकच विचारलं होतं, "तिथपावेतो संत्रं टिकते का?" बाबांचा उभा जन्म संत्र्याचे ट्रक भरण्यात गेला. कोणतंही शहर किती दूर, हे ते फळ टिकण्यावरून ठरवत. कोलकात्यासाठी जरा हिरवंच तोडायचं, नागपूरला पिकलेलं चालतं. दोह्याला विमान बदललं की माणूस दिवसभरात टोरांटोहून घरी येतो, हे कळल्यावर ते आईला म्हणाले, "कोलकात्याच्या ट्रकाहून जवळ आहे. तू उगाच रडून राहिली."

त्या हिशेबावर आईने बरीच वर्षं काढली.

बाबा अचानक खालावले आणि भाऊ मिळेल त्या विमानाने निघाला. तो समुद्रावर असतानाच बाबा गेले. मोबाइलच्या नकाशावर त्याचं विमान सरकत होतं. त्या विमानात बाबा अजून जिवंत आहेत, असं माझ्या मनात आलं. सावरगावहून काका बर्फाच्या लाद्या घेऊन आले. लाद्यांकडे बघत आई म्हणाली, "पोरगा येतपावेतो टिकतीन का हे?" मला तिथं बसवेना.

आईने सगळ्यांना बजावलं, "वाटेवरच्याले मरणाचं सांगत नसतात. घरी येऊ द्या त्याले." आमच्याकडे रीतच आहे तशी. परक्या मुलखात एकट्याने ही बातमी घेऊन बसायचं तरी कुठे? मलाही ते पटलं होतं.

दोह्याला उतरल्या उतरल्या त्याचा फोन आला, आणि खोलीतल्या बायांनी रडणं आवरलं.

"बाबा काय करून राहिले?"

"झोपले," मी म्हटलं.

"कानाले लाव फोन. मले बोलाचं आहे."

मी आईकडे पाहिलं. तिने तोंडात पदर कोंबला होता. मी वाकून फोन बाबांच्या कानाशी धरला. कान गार होता. त्या शांततेत भावाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "बाबा, अर्ध्याच्या वर रस्ता झाला. आता एकच विमान राहिलं. थांबजा." मग तो गप्प झाला, बाबांचं काही ऐकू येतं का म्हणून. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो.

"हुंकार देल्ला ना त्यांनी?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

तो घरी पोचला तेव्हा आईनेच त्याला सांगितलं, "तुह्याशी बोलणं झालं अन् मंग गेले." तेरवीला आलेल्यांना तो हेच सांगत होता. त्या दिवशी खोलीत असलेल्या एकाही बाईने मान वर केली नाही.

अजूनही टोरांटोहून फोन आला की ठेवायच्या आधी तो विचारतो, "तूनंही ऐकला होता ना हुंकार?"

मी हो म्हणते. हल्ली मला ते खोटं वाटत नाही. त्याचा फोन बंद झाला की बाबांच्या खोलीतून तो हुंकार मला ऐकू येतो, आणि भीती वाटते, तरी मी दार लावून घेत नाही.